मासे मेले त्या दिवशी तिथी कोणती होती?

प्रश्न मोठा होता, थोडक्यात पुन्हा मांडते. विचारणाऱ्यांचं गाव दाभोळ खाडीच्या आतल्या अंगाला, वाशिष्ठीच्या काठावर आहे, नोकरी मुंबईत. गेली तीन वर्षं शिमग्याच्या आगेमागे खाडीत मासे मरून वर येतात, पाण्याला वास सुटतो आणि काठावरची माणसं म्हणतात, "कंपनीने सोडलं." मुंबईच्या मंडळाने ठरवलंय की मे महिन्यात सुट्टीला येऊन खाडी साफ करायची, कांदळवनाची (खारफुटीची) पाच हजार रोपं लावायची आणि दोषी कंपनी शोधून तक्रार ठोकायची. यातलं आधी काय करावं, असं ते विचारतात.

मी रसायनशास्त्र शिकलेली. अकरा वर्षं कोकणातल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणजे सांडपाणी आतल्या बाजूने पाहिलंय. त्यानंतर सतरा-अठरा वर्षं मच्छीमार सोसायट्या आणि ग्रामपंचायतींबरोबर खाड्यांवर फिरतेय. त्या अनुभवावर सांगते: रोपं मे महिन्यात लावू नका, कंपनीचं नाव आत्ताच घेऊ नका, आणि उद्यापासून गावातल्या एका माणसाच्या हातात वही द्या. नाउमेद करण्यासाठी हे म्हणत नाही. मासे का मरतात आणि कांदळवन कसं जगतं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट म्हणजे पाणी कधी येतं आणि कधी जातं. ते कळेपर्यंत केलेलं काम वाया जाण्याची शक्यताच जास्त.

"कंपनी कोणती" हा पहिला प्रश्न का चुकीचा, ते आधी सांगते. नदी एका दिशेने वाहते, त्यामुळे नदीत घाण दिसली तर वरच्या अंगाला शोधायचं, इतकं सरळ असतं. खाडीत तसं नाही. भरतीला पाणी वर चढतं, ओहोटीला उतरतं, दिवसातून दोन वेळा. सोडलेलं पाणी या झोपाळ्यावर बसतं. सकाळी जे तुमच्या गावाखाली दिसलं ते दुपारी गावाच्या वर गेलेलं असतं, आणि मासे मरून तरंगायला लागेपर्यंत ते तिसऱ्याच ठिकाणी पोचलेलं असतं. मेलेले मासे जिथे पाणी मंदावतं तिथे जमतात, वळणावर, कांदळाच्या मुळांत, जुन्या बांधाच्या आडोशाला. म्हणून "आमच्या समोर मासे मेले" यावरून "आमच्या समोरच्याने सोडलं" हे सिद्ध होत नाही. समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत हे म्हणेल.

मग काय करायचं? वेळ धरायची. माझ्या सासूबाईंना घड्याळ नीट कळत नव्हतं, पण भरती कळायची. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती; अष्टमीला सहाच्या सुमारास; मग शुद्ध असो की वद्य. दर दिवशी पाऊण तासाहून जरा जास्त पुढे सरकते. हे गणित समुद्राच्या तोंडाशी चालतं. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते, तेव्हा तुमच्या धक्क्यावर एक पंधरवडा पाहून आपल्या गावाचा फरक ठरवून घ्या. छापील वेळापत्रकही मिळतं, पण ते बंदरासाठी असतं.

वाशिष्ठीची आणखी एक खासियत आहे, ती कोकणातल्या बहुतेक नद्यांना नाही. आपल्या नद्या पावसाळ्यात घोड्यासारख्या धावतात आणि माघ-फाल्गुनात ओढ्याइतक्या होतात. वाशिष्ठीत मात्र कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणी पोफळी-कोळकेवाडीकडून उतरतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली, त्यातलं हे पाणी. त्यामुळे वैशाखातही ही नदी भरलेली दिसते. पण वीज जशी लागते तसं ते पाणी येतं. एखाद्या दिवशी निर्मिती कमी असली की नदीचं गोडं पाणी घटतं, आणि खाडीत तेवढंच सांडपाणी असलं तरी ते पातळ करायला कमी पाणी उरतं. म्हणून तुमच्या वहीत वरून येणारं पाणी वाढलं की उतरलं, हाही एक रकाना ठेवा. काठावर रंगवलेली एक फूटपट्टी पुरते.

आता मासे. मेलेला मासा बरंच सांगतो, फक्त लवकर पोचायला हवं. पाण्यातला प्राणवायू संपून मासे मेले असतील तर ते बहुधा पहाटे मरतात, कारण रात्रभर शेवाळ आणि जिवाणू प्राणवायू खातात आणि सूर्य उगवेपर्यंत भरपाई होत नाही. आधी मोठे मासे जातात. तोंड उघडं, कल्ले फुललेले. मरण्याआधी बोय वगैरे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात, कुर्ल्या दगडांवर चढून बसतात. याउलट विष असेल तर लहान-मोठं एकदम, दिवसाच्या कुठल्याही वेळी. मासे वेडेवाकडे पोहतात, गोल फिरतात. कीटकनाशक असेल तर कोळंबी आणि कुर्ल्या आधी मरतात, मासे नंतर. कारण ही औषधं कीटकांसाठी बनवलेली, आणि कोळंबी त्यांची जवळची नातलग. आंब्याची फवारणी ज्या काळात चालते तोच तुमचा काळ आहे, हे विसरू नका. वरच्या गोड्या पाण्याच्या कोंडीत मासे मेले असतील तर आणखी एक शक्यता, जी गावात कोणी मोठ्याने बोलत नाही: पूर्वी मासे मारायला विषारी गेळफळं ठेचून टाकत, आता कोणीतरी ब्लीचिंग पावडर नाहीतर औषधाची बाटली ओततो आणि सकाळी टोपली भरून नेतो. मी असे दोन प्रसंग पाहिलेत जिथे गाव मोर्चाच्या तयारीत होतं आणि बाटली कोंडीच्या काठावरच सापडली.

फाल्गुन-चैत्रात प्राणवायूची गोष्ट नाजूक का होते, तेही समजून घ्या. वीस अंशांच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो, तीस अंशांला साडेसात. त्यात मीठ असेल तर आणखी कमी, समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडं वर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने माशांच्या वाढीसाठी ठरवलेली किमान पातळी चार. म्हणजे उन्हाळ्यातल्या खाऱ्या खाडीकडे मुळात शिल्लक दोनेक मिलिग्रॅमची. जुलैत जे सांडपाणी खपून जातं, तेच मार्चमध्ये मासे मारतं. ते सांडपाणी कारखान्याचं असेल, शहराच्या गटाराचं असेल, नाहीतर मैला उपसणाऱ्या टँकरने रात्री पुलावरून सोडलेलंही असेल. तिघेही प्राणवायूच खातात.

इथे माझी एक चूक सांगते. पहिल्यांदा मी एका सोसायटीबरोबर नमुना घेतला तेव्हा घाईत शीतपेयाच्या बाटलीत पाणी भरलं, बाटली होडीत उन्हात राहिली, दुसऱ्या दिवशी एसटीने प्रयोगशाळेत गेली. अकरा वर्षं प्रयोगशाळेत काम केलेल्या बाईने हे करावं! अहवालात प्राणवायू शून्य आला आणि तो अर्थातच कोणी मानला नाही, मानायलाही नको होता. बंद बाटलीत उन्हात जिवाणूंनी तो केव्हाच फस्त केला होता.

तर नमुन्याबद्दल. प्राणवायूचा नमुना काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत, हवेचा बुडबुडा न राहू देता घ्यायचा आणि जागच्या जागी दोन रसायनं घालून तो बांधून टाकायचा. मॅंगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड. तपकिरी साका बसला की प्राणवायू आहे, पांढराच राहिला की जवळपास नाही. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला विनंती केली तर कोणीतरी शिकवतं. आमच्याकडे एका बारावीच्या मुलीने दोन दिवसांत हे आत्मसात केलं. बाकीचे नमुने बर्फाच्या डब्यात, बाटलीवर तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी. नमुना ओहोटी अर्ध्यावर असताना एकदा आणि पाणी फिरताना एकदा. नुसता एक नमुना काही सांगत नाही. गावाच्या वर, गावासमोर आणि खाली, असे तीन घेतले की बोलायला लागतात.

पण हेही लक्षात ठेवा की तुमचा नमुना खटल्यातला पुरावा नव्हे. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, सोडणाऱ्याला नोटीस देऊन, नमुना दोन भागांत सीलबंद करून घ्यावा लागतो. तुमच्या वहीचं काम त्याला योग्य वेळी योग्य जागी आणण्याचं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय चिपळूणलाच आहे. "मासे मेले, या" असा फोन दुपारी चारला केला तर अधिकारी येईपर्यंत ओहोटीने सगळं नेलेलं असतं. "गेल्या दोन वर्षांत या-या तिथींना, पहाटे, या वळणावर मासे मेलेत, येत्या अष्टमीला पहाटे पाचला या" असं लेखी दिलं की गोष्ट बदलते. मासे मेल्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभाग आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, मेलेल्या माशांचं वजन त्यात लिहून घ्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जायची वेळ आली तर वाद उपस्थित झाल्यापासून सहा महिने असतात, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. तारीख नसेल तर ही मुदत कुठून मोजणार?

माहितीचा अधिकारही वापरा, पण नेमकं मागा. "प्रदूषणाची सर्व माहिती द्या" असा अर्ज केला की जाडजूड गठ्ठा येतो आणि हाती काही लागत नाही. मागायचं ते हे: तुमच्या भागातल्या औद्योगिक वसाहतीतल्या उद्योगांची संमतीपत्रं (त्यात रोज किती घनमीटर सांडपाणी, कुठे आणि कोणत्या मर्यादेत सोडायचं ते लिहिलेलं असतं), सगळ्यांच्या सांडपाण्यावर एकत्र प्रक्रिया करणाऱ्या सामूहिक केंद्राचे गेल्या वर्षाचे तपासणी अहवाल, आणि दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत उद्योगांनी भरायचं पर्यावरण विवरणपत्र. मग तुमच्या वहीतल्या तारखा आणि त्या अहवालातल्या तारखा शेजारी ठेवा. तुमच्या पाणलोटात लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे, तिथे सामूहिक केंद्र आहे आणि प्रक्रिया केलेलं पाणी खाडीत येतं. हे गुपित नाही, आणि ते येणं आपोआप बेकायदाही नाही. प्रश्न किती, कसं आणि केव्हा याचा आहे. सावित्रीवर महाड, कुंडलिकेवर रोहा-धाटाव, पाताळगंगेवर रसायनी, सगळीकडे हीच रचना: वरून नदीचं पाणी घ्यायचं, खाली खाडीत सोडायचं.

कारखान्यात असताना एक पाहिलंय. बिघाड सहसा कोणाच्या दुष्टपणाने होत नाहीत. वीज गेली, हवा फुंकणारं यंत्र बंद पडलं, टाकीतले सांडपाणी साफ करणारे जिवाणू मेले, टाक्या भरत आल्या, आणि मग रात्री कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवला. म्हणून गावाच्या वहीत रात्रीची वेळ असणं फार मोलाचं. पहिल्या मोठ्या पावसातले मेलेले मासे हे वेगळं प्रकरण आहे. तेव्हा गटारं आणि टाक्या एकदम धुऊन निघतात. जूनचे आणि मार्चचे मासे एकाच तक्रारीत घालू नका.

आता कांदळवनाकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी आम्हीही रोपं लावली होती. दोन हजार. जागा निवडली गावासमोरचा मोकळा चिखल, कारण तिथे "काहीच नव्हतं". रोपं कांदळाची, म्हणजे कांदळवनातल्या त्या एकाच जातीची, कारण त्याच्या लांब शेंगा गोळा करायला सोप्या, चिखलात टोचली की झालं. फोटो छान आले. दोन दिवसांनी तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या चार बायका आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "बाय, आमच्या शेतात झाडं लावायला तुला सांगितलं कोणी?" मी गप्प. तो चिखल रिकामा नव्हता. त्यात तिसऱ्या होत्या, मुळे (तेही शिंपलेच) होते, निवटे (चिखलातले मासे) होते, थंडीत तिथे पाणपक्षी चरायचे. त्या बायकांचं अर्धं घर त्या चिखलावर चालायचं. पावसाळ्यानंतर दोन हजारांतली चाळीसेक रोपं उरली, बाकी पाण्याने नेली. चिखल वाचला, हे आमचं नशीब.

मोकळा चिखल ही पडीक जमीन नव्हे. आणि जिथे कांदळवन वाढायला योग्य पाणी आहे तिथे ते आपण होऊन येतं. तिवर ही त्यातलीच एक जात, तिच्या बिया भरतीबरोबर शेकड्याने येतात. जिथे येत नाही तिथे काहीतरी अडतंय. म्हणून रोप हातात घेण्याआधी विचारा: इथे पूर्वी झाडं होती का? होती तर गेली का? तोडली की पाणी बंद झालं? पुढे दुसऱ्या एका गावात जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली होती. रस्त्याच्या आतल्या बाजूला पाणी साचून तिवरं वाळली होती. तिवराचे श्वास घेणारे खुंट सतत पाण्याखाली राहिले की झाड गुदमरतं. तिथे आम्ही एकही रोप लावलं नाही. ग्रामपंचायतीकडून मोरी उपसून घेतली आणि आणखी एक मोठा पाइप टाकून घेतला. तिसऱ्या वर्षी तिथे गुडघाभर तिवर उगवलेलं होतं, दाट, कोणाच्याही फोटोशिवाय.

लावायचंच असेल तर जागा जुन्या कांदळवनाची हवी, आणि जात त्या जागेवर आधी असलेली. पुढच्या अंगाला चिपी आणि तिवर, खाडीच्या फाट्यांच्या काठाने कांदळ, मागच्या जरा उंच भागात हुरा, मरांडी, असा साधारण क्रम असतो, पण तुमच्या खाडीत तो पाहूनच ठरवा. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला, म्हणून सगळीकडे तीच लावायची असं नाही. आणि मे नको. बिया आणि शेंगा पावसाळ्यात पडतात, तेव्हा पाण्यातलं मीठही उतरलेलं असतं. मेच्या उन्हात खारट चिखलात टोचलेलं रोप म्हणजे चाकरमान्यांच्या सुट्टीची सोय, रोपाची नव्हे. आधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला, जागा त्यांनी पाहिलेली बरी.

कायद्याचं थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवन तोडायला राज्यभर बंदी कायम केली, मालकी कोणाचीही असो, आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात भराव-बांधकामाला मनाई. भराव पडताना दिसला तर मोबाइलवर जागेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी द्या. गाळ उपसण्याची कामं चालू असतील तर उपसलेला गाळ कुठे टाकला जातो यावर खास लक्ष ठेवा. २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर पाहिलेल्या कोणाला गाळ काढणं नको वाटणार नाही, मलाही नाही. पण नदीतला गाळ काढून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत, लोटला तर पुराचं पाणी पसरायची जागाच आपण बुजवतो.

एका ठिकाणी मात्र मी ठाम उत्तर देत नाही, ते म्हणजे खारभूमी, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. बांधाला खांड पडली, दुरुस्ती झाली नाही, भातशेतीत खारं पाणी शिरलं आणि दहा वर्षांत तिवर माजलं. आता शेतकरी म्हणतो माझं शेत, वनखातं म्हणतं कांदळवन. दोघांचंही खरं आहे. तुमच्या गावात असं असेल तर मुंबईच्या मंडळाने त्यात उडी घालू नये. शेतकऱ्यांना बसवा, सातबारा आणि जुने नकाशे काढा, कोणते बांध आणि उघाड्या (बांधातली पाण्याची दारं) खरंच राखायच्या आहेत ते गावाने ठरवावं आणि परवानगीच्या रस्त्यानेच जावं. शेतकरी दुखावला तर रात्री कोयता चालतो, आणि मग ना शेत ना तिवर.

मेच्या सुट्टीचं काय, असं विचाराल. भरपूर काम आहे. खाडी साफ करायची तर प्लास्टिक आणि कांदळात अडकलेली फाटकी जाळी काढा, ओहोटी बघून. मुळं तुडवू नका, चिखलातल्या काड्या-पानं तशीच राहू द्या, ते कुर्ल्यांचं अन्न आहे. वाशिष्ठीत मगरी आहेत, तेव्हा तिन्हीसांजेला मुलांना पाण्यात उतरवू नका. गावातल्या संडासाच्या टाक्यांची यादी करा, किती टाक्यांचं पाणी थेट वहाळात जातं ते मोजा. चिकनच्या दुकानांची घाण कुठे जाते ते पाहा. हे न करता कंपनीच्या दारात गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. आणि म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा: पूर्वी कुठे कोणते मासे मिळत, कुठे चिपी होती, कुठला फाटा बुजला. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत हे गेलं तर कागद म्हणूनही उपयोगी पडतं.

त्याआधी फोनवरच एक काम करा. तुम्ही "शिमग्याच्या आगेमागे" म्हणालात. होळी पौर्णिमेची, म्हणजे उधाण, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा. तेव्हा पूर्ण ओहोटी पहाटेच्या सुमारास येते, नेमका प्राणवायू सर्वांत कमी असतो तेव्हाच पाणीही सर्वांत कमी. त्या वेळी थोड्याशा सांडपाण्यानेही उथळ भागातले मासे मरतात. पण आठ दिवस आधी, अष्टमी-नवमीला, भांग असतो, म्हणजे तो फरक सर्वांत लहान. पाणी फारसं हलत नाही आणि सोडलेलं तिथेच घोळत राहतं. तेव्हा मेले असतील तर माझा संशय सोडणाऱ्याच्या प्रमाणाकडे जास्त जाईल. तारीख कोणाला आठवणार नाही. म्हणून घरी असं विचारा: मासे तरंगले तेव्हा पालखी देवळातच होती, की घरोघर फिरायला लागली होती? त्यावरून तिथी लावता येईल. तिन्ही वर्षांचं विचारा आणि इथे लिहा, मग पुढचं बोलू.